विंडोज १० नंतर काय: विंडोज ११, लिनक्स मिंट की मॅक?

विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. दुसऱ्या दिवशी कुणाचाही पीसी बंद पडला नाही, त्यामुळे बहुतेकांनी विषय बाजूला ठेवला. पण प्रश्न तसाच आहे: सेव्हन्थ जनरेशनचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, सगळं धडधाकट, त्याचं करायचं काय?

फेकायचा नाही, एवढं नक्की. पण त्यावर पुढे काय चालवायचं हे कुठली सिस्टिम दिसायला छान आहे यावरून ठरवू नये. ज्या तीन-चार कामांना पर्यायच नाही, ती आधी कागदावर लिहा: प्रिंटर कोणता आहे, मराठी कुठल्या कीबोर्डवर टाइप होते, टॅली लागतं का, डिजिटल सही लागते का. निर्णय या यादीतून निघतो, यूट्यूबवरच्या वेगाच्या चाचण्यांतून नाही.

आधी वेळ विकत घ्या

घाईत असाल तर विंडोज १० वरच काही काळ काढता येतो. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीची लिंक दिसते. तिथे तीन मार्ग आहेत: सेटिंग्ज वनड्राइव्हवर बॅकअपला द्या म्हणजे फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड्स पॉइंट्स, नाहीतर ३० डॉलर. एका अकाउंटवर दहा मशिन बसतात. ऑफिसात डोमेनला (कंपनीच्या मध्यवर्ती नेटवर्कला) जोडलेला पीसी असेल तर ही सवलत लागू नाही. आणि यात फक्त सुरक्षा अपडेट मिळतात, नवीन काही नाही.

विंडोज ११: बसतं की नाही, हे पाच मिनिटांत कळतं

प्रोसेसर इंटेलचा असेल तर एट्थ जनरेशनपासून पुढे, एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढे. म्हणजे आय-थ्री ८१०० चालतो, त्याच्याहून ताकदवान आय-सेव्हन ७७०० चालत नाही. लोकांना हे पटत नाही, पण यादी वेगाची नसून सुरक्षेच्या सोयींची आहे. शिवाय यूईएफआय (मशिन सुरू करण्याची नवी पद्धत), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारा सुरक्षा भाग) लागतात.

टीपीएम पाहायला विंडोज सिक्युरिटी उघडा, डिव्हाइस सिक्युरिटी, मग सिक्युरिटी प्रोसेसर डिटेल्स. तिथे स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं तर ठीक. काहीच दिसत नसेल तर लगेच निराश होऊ नका. असेंबल केलेल्या पीसीत ते बऱ्याचदा बायोसमध्ये (मशिन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. ते सुरू केलं की काम झालं.

दुसरी अडचण जुन्या डिस्कची. विंडोज १० लेगसी म्हणजे जुन्या बायोसच्या पद्धतीने टाकलेलं असेल तर डिस्कची विभागणी एमबीआर या जुन्या प्रकारची असते आणि यूईएफआयला जीपीटी हा नवा प्रकार हवा असतो. विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे, ते डेटा न पुसता रूपांतर करतं (बॅकअप तरीही घ्याच). क्रम मात्र चुकवू नका: आधी डिस्क बदला, मग बायोसमध्ये यूईएफआय करा. उलट केलंत तर विंडोज चालूच होणार नाही. तसं झालं तर बायोस परत लेगसीवर न्या, मशिन पुन्हा उठेल.

या अटींत न बसणाऱ्या मशिनवर रूफस या मोफत प्रोग्रामने इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवून विंडोज ११ घुसवता येतं. टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढण्याची खूण रूफसमध्येच आहे. दर महिन्याचे अपडेट सहसा येत राहतात, पण वर्षातलं मोठं अपडेट आपोआप येत नाही, पुन्हा आयएसओ (पूर्ण सिस्टिमची इन्स्टॉल फाइल) घेऊन हाताने चढवावं लागतं, आणि मायक्रोसॉफ्ट कसलीही हमी देत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर कोअर टू ड्युओसारख्या प्रोसेसरवर ते बूटच होत नाही, कारण लागणाऱ्या सूचना (इन्स्ट्रक्शन्स) त्या चिपमध्ये नाहीत. घरच्या खेळाच्या पीसीवर हवं तर करा. ज्यावर दुकानाचा हिशोब आहे त्या पीसीवर असला उद्योग नको.

नव्याने विंडोज ११ टाकताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलंत तर २४एच२ पासून बऱ्याच मशिनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद होते. पुढे कधी बायोस अपडेट केलं की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर ठेवलेली असते. ज्या पोराने सेटअप करून दिला त्याच्या ईमेलवर ती असेल तर मग त्याला शोधत बसा. म्हणून मशिन हातात आल्या दिवशीच की कागदावर उतरवून ठेवा.

मिंट: जुन्या पीसीचं खरं औषध, पण एसएसडी आधी

सेव्हन्थ जनरेशन आणि त्याआधीच्या मशिनवर माझा कौल लिनक्स मिंटला, म्हणजे विंडोजऐवजी टाकायच्या मोफत सिस्टिमला. मिंटची २२ मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमच्या २४.०४ आवृत्तीवर बेतलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. किमान २ जीबी रॅम सांगितलेली आहे, ४ असेल तर बरं चालतं. ८ जीबी असेल तर मिंटचा सिनॅमन हा प्रकार घ्या, ४ किंवा कमी असेल तर एक्सएफसीई हा हलका प्रकार. पण फिरती हार्ड डिस्क तशीच ठेवून नुसती सिस्टिम बदलली तर फरक निम्माच जाणवेल. आधी २४०-२५६ जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका, मग बोला.

मिंटची सगळ्यात मोठी सोय म्हणजे न टाकताच वापरून बघता येतं. आयएसओ तीन जीबीच्या आसपास असते, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. रूफस किंवा बलेना एचरने तो बनवा, त्यावरून बूट करा आणि 'इन्स्टॉल' न दाबता अर्धा तास काम करा. वायफाय, आवाज, लॅपटॉप झाकून झोपवल्यावर परत जागा होतो का, आणि प्रिंटर. या चार गोष्टी तिथेच तपासा.

वायफाय दिसत नसेल (ब्रॉडकॉम आणि काही रिअलटेक चिपच्या बाबतीत हे होतं), तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. इंटरनेट लगेच मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून वायफायचा ड्रायव्हर टाका. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा, या कोंडीतून सुटायचा हा सोपा मार्ग.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, असंही होतं. कारण बहुतेक वेळा बायोसमधला इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी मोड (डिस्क हाताळण्याची इंटेलची पद्धत). तो बदलून एएचसीआय हा साधा मोड करावा लागतो. विंडोज ठेवणार असाल तर थेट बदलू नका, नाहीतर विंडोज उठणार नाही. आधी विंडोज पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू होईल असं ठरवा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या, मग नेहमीसारखं चालू करा.

दोन्ही सिस्टिम एकाच मशिनवर ठेवल्या की आणखी दोन तक्रारी ठरलेल्या. पहिली: मिंटमधून परत विंडोजमध्ये आलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तिथे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, दोघांचा वाद. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) टाइमडेटसीटीएल (timedatectl) या आज्ञेला 'सेट-लोकल-आरटीसी' (set-local-rtc) हा पर्याय आणि पुढे १ द्या, मिटलं. दुसरी: मिंटमधून विंडोजची डी ड्राइव्ह उघडते, पण तिच्यात काही लिहिता येत नाही. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे मशिन खरं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्स अशा ड्राइव्हला हात लावत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे फास्ट स्टार्टअपची खूण काढा.

एनव्हिडियाचं कार्ड असेल आणि सिक्युअर बूट सुरू असेल तर ड्रायव्हर टाकल्यावर रीस्टार्टला निळा पडदा येतो आणि 'एनरोल एमओके' विचारतो. लोक घाबरून तो सोडून देतात, मग पडदा मोठ्या अक्षरांत अडकतो. तिथे एनरोल निवडून, ड्रायव्हर टाकताना दिलेला पासवर्ड टाकायचा, एवढंच. आणि टाइमशिफ्ट (सिस्टिमची जुनी स्थिती जपून ठेवणारं मिंटमधलं साधन) जरूर लावा, पण दिवसाचे दोन आणि आठवड्याचा एक, यापेक्षा जास्त स्नॅपशॉट ठेवू नका. ५० जीबीचं पार्टिशन त्यानेच भरतं आणि मग लॉगिनसुद्धा होत नाही.

प्रिंटर

भारतातल्या ऑफिसांत तीन यंत्रं जिथे तिथे दिसतात: एचपी १०२० प्लस, एचपी एम१००५ आणि कॅनन एलबीपी २९००. विंडोजवर तिन्ही चालतात. मिंटवर एचपीचे दोन्ही चालतात, पण एक मेख आहे: दोघांनाही एचपीचं वेगळं प्लगिन लागतं. १०२० ला तर दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरकडून फर्मवेअर (प्रिंटरचं आतलं सॉफ्टवेअर) मिळावं लागतं आणि ते त्या प्लगिनमध्येच असतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एचपीलिप (लिनक्ससाठीचं एचपीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) आणि त्याचा टूलबॉक्स टाका, टूलबॉक्सने विचारलं की प्लगिन उतरवू द्या. हे केलं नाही तर प्रिंटर यादीत दिसतो, काम पाठवल्यावर 'पूर्ण' असंही येतं, पण कागद हलत नाही. एचपीलिपची आवृत्ती बदलली की प्लगिनही परत टाकावं लागतं.

कॅनन २९०० ला कॅप्ट नावाची स्वतःची भाषा आहे. लिनक्सवर तिचा ड्रायव्हर जुना, त्यामागे चालणारी सेवा मधूनच मरते, पहिलं पान निघतं आणि दुसरं अडकतं. तासन्‌तास घालवण्यापेक्षा तो प्रिंटर विंडोजच्या मशिनलाच ठेवा. नवीन प्रिंटर घेणार असाल तर नेटवर्कवरचा आणि एअरप्रिंट चालणारा घ्या. तो मिंट आणि मॅक दोघांवरही ड्रायव्हरशिवाय छापतो.

स्नॅपड्रॅगन म्हणजे एआरएम प्रकारच्या (इंटेल-एएमडीहून वेगळ्या) प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपवर जुन्या प्रिंटरचे आणि डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचे ड्रायव्हर बसत नाहीत. दुकानदार हे सांगत नाही.

मराठी टायपिंग

इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाणित कीबोर्ड) येत असेल तर तुम्ही सगळीकडे सुखी. विंडोज, मिंट, मॅक, तिन्हींत तो आत आहे आणि कळा जवळपास त्याच. 'दुसऱ्या' मधला ऱ्या काढायला शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. ळ शिफ्ट-एनवर.

इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांसाठी गणित वेगळं. विंडोजमध्ये २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. लँग्वेज अँड रीजनमध्ये मराठी जोडा, मग मराठीच्या लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन कीबोर्ड म्हणून फोनेटिक निवडा, विंडोज-स्पेसने बदला. तो शब्द सुचवतो, त्यामुळे स्पेलिंग थोडं इकडेतिकडे झालं तरी चालून जातं. गुगलने विंडोजसाठीचं इनपुट टूल्स केव्हाच काढून घेतलं. क्रोमचं एक्स्टेन्शन आहे, पण ते ब्राउझरपुरतंच.

मिंटवर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन (इतर भाषांत टाइप करण्याचं साधन) टाका, इनपुट मेथड या खिडकीत आयबस निवडा, लॉगआउट करून परत या (हे विसरलं की काहीच होत नाही आणि लोक लिनक्सला शिव्या घालतात), मग आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये मराठी जोडा. तिथे आयट्रान्स, फोनेटिक, रेमिंग्टन आणि चक्क गमभनसुद्धा मिळतं. मराठी संकेतस्थळांवर वाढलेल्यांची बोटं गमभनवर आपोआप चालतील. फक्त इथे सुचवणं नाही, नियम आहेत: ण हवा तर कॅपिटल एन, ळ हवा तर कॅपिटल एल. चार दिवस चिडचिड होते, पुढे हेच जास्त वेगवान वाटतं, कारण यादीतून शब्द निवडायला नजर हटवावी लागत नाही. टायपिंगच्या परीक्षेसाठी रेमिंग्टन शिकलेल्यांना विंडोजमध्ये आयताच मराठी रेमिंग्टन मिळत नाही, बाहेरून टाकावा लागतो. इथे मिंट पुढे.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, एडिट, अधिकचं चिन्ह. हिंदीखाली देवनागरी-क्वर्टीही आहे, मराठीतून लिहायला तो चालतो.

आता एक बारीक पण त्रासदायक गोष्ट. 'ॲप' मधलं पहिलं अक्षर तीन प्रकारे साठवलं जातं. ॲ हे एकच अक्षर (युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संगणकी मानकात २००८ साली आलं), जुन्या इनस्क्रिप्टमधून येणारा ऍ, आणि अ च्या पुढे वेगळा चंद्र. तिसऱ्या प्रकारात बऱ्याच ठिकाणी मधे ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. ते टाळायला काहीजण मधे अदृश्य जोडचिन्ह घालतात, म्हणजे चौथा प्रकार तयार. ऍ हा ए वर चंद्र असा दिसतो, बाकीचे दिसायला जवळपास सारखेच, शोधताना मात्र एक टाइप केला की बाकीचे सापडत नाहीत. घरातली एक व्यक्ती विंडोजवर आणि दुसरी मिंटवर काम करत असेल तर एक्सेलमध्ये 'ॲडव्हान्स' शोधून सापडला नाही की आधी हे तपासा आणि फाइंड-रिप्लेसने सगळीकडे ॲ करून टाका. 'ऱ्या' चंही असंच: काहीजण ऱ वापरतात, काहीजण साधा र आणि अदृश्य जोडचिन्ह. जुन्या मॅकच्या डिस्कवर तर फाइलच्या नावातला ऱ आपोआप र अधिक नुक्ता असा सुटा होतो, त्यामुळे ती डिस्क लिनक्सवर आणली की नावाने शोधलेली फाइल मिळत नाही.

फाँट आणि पानांची संख्या

विंडोजवर मंगलमध्ये केलेला चार पानांचा अर्ज मिंटच्या लिबरऑफिसमध्ये पाच पानांचा होतो. चूक लिबरऑफिसची नाही, मिंटवर मंगल नाही म्हणून नोटो किंवा लोहित लागतो, रुंदी बदलते, ओळी सरकतात. आणि मंगल ताज्या विंडोजवरही असेलच असं नाही! इंग्रजी विंडोज नव्याने टाकलं तर निर्मला यूआय असतो. मंगल, कोकिला, अपराजिता हे 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' या नावाखाली ऑप्शनल फीचर्समधून वेगळे टाकावे लागतात.

सरळ उपाय: सगळ्या मशिनवर एकच मोफत फाँट ठेवा. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी. दोन्ही तिन्ही सिस्टिमवर फुकट बसतात. नोटोमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, पण मजकुराची भाषा मराठी ठेवली तरच ते दिसतात. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची खूण करून मराठी निवडा. ही खूण नसेल तर देवनागरीचा फाँट आणि आकार वेगळा का बदलता येत नाही, याचं उत्तर सापडत नाही. समोरच्याला फक्त वाचायचं असेल तर पीडीएफ पाठवा, वाद संपला.

श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधला मजकूर हा वेगळा प्रकार. तो फाँट नसेल तर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. डीटीपीचं काम पेजमेकर आणि अशा फाँटवर असेल तर विंडोज सोडू नका.

मॅक

नवीन मशिनच घ्यायची असेल आणि यादीत टॅली किंवा डीटीपी नसेल, तर मॅक मिनीचा विचार करा. एम४ चा मॅक मिनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ५९,९०० रुपयांपासून आला, १६ जीबी मेमरीसह. कीबोर्ड, माउस, मॉनिटर आपलाच. मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच ठरवा. जुना इंटेलचा मॅक स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नका: सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली टाहो ही मॅकच्या सिस्टिमची इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि तीही मोजक्याच २०१९-२० च्या मॉडेलवर.

विंडोजवरून आलेल्याला पहिला धक्का हार्ड डिस्कचा बसतो. एनटीएफएसची म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटची डिस्क मॅकवर उघडते, फोटो दिसतात, पण त्यात काही कॉपी करता येत नाही. ती विंडोजवर रिकामी करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, मग तिन्हींकडे चालते. दुसरा धक्का: लाल बटनाने खिडकी बंद होते, प्रोग्राम नाही. कमांड-क्यू लागतं.

टॅली आणि डिजिटल सही

टॅलीप्राइम विंडोजचंच. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या साधनावर) चालवण्याचे प्रयोग लोक करतात, पण जीएसटीचं रिटर्न भरायच्या संध्याकाळी प्रयोग नको. सहीच्या टोकनचं असं आहे की टोकनचा ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळाला तरी पोर्टलवर सही करणारी युटिलिटीही त्या सिस्टिमसाठी असावी लागते. दोन्ही आहेत का ते आधी पोर्टलच्या डाउनलोडच्या पानावर पाहा.

एवढ्यासाठीच विंडोज हवं असेल आणि रॅम १६ जीबी असेल तर मिंटमध्ये व्हर्च्युअलबॉक्सवर (एका सिस्टिमच्या आत दुसरी चालवणाऱ्या प्रोग्रामवर) विंडोज ११ चालवता येतं. त्याला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि व्हर्च्युअल टीपीएम द्या. मशिनसोबत आलेलं ओईएम लायसन्स व्हर्च्युअल मशिनला लागू होत नाही, वेगळं घ्यावं लागतं. टोकन आत दिसत नसेल तर मिंटमधलं आपलं खातं व्हीबॉक्सयूजर्स या ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून परत या, आणि व्हर्च्युअल मशिनच्या यूएसबी सेटिंगमध्ये त्या टोकनचा फिल्टर जोडा. मग टोकन खोचलं की ते थेट आतल्या विंडोजला मिळतं.